प्रशिक्षण सह्याद्रीवर, जहाज परदेशात

६ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत बिहारमधील मतदारयाद्यांच्या फेरतपासणीवरून विरोधकांची घोषणाबाजी सुरू होती. त्याच गदारोळात मर्चंट शिपिंग विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. पाच दिवसांनी, ११ ऑगस्टला, राज्यसभेनेही त्यावर शिक्कामोर्तब केले आणि १९५८ चा कायदा बाजूला सारणारा नवा कायदा अस्तित्वात आला. तीन लाखांच्या घरात असलेल्या भारतीय दर्यावर्दींच्या नोकरीचा, वेतनाचा, प्रशिक्षणाचा आणि प्रसंगी प्राणांचाही ज्या कायद्याशी संबंध, त्यावर देशाच्या सर्वोच्च सभागृहात धड चर्चा होऊ नये, याची दिल्लीत फारशी कोणाला खंत वाटली नाही. खलाशी हा मतदारसंघ नव्हे. मतदानाच्या दिवशी तो बहुधा सिंगापूरच्या किंवा रॉटरडॅमच्या वाटेवर असतो.

वस्तुतः समुद्रावरील प्रशिक्षण हा विषय राज्यघटनेने संसदेच्याच ओटीत घातला आहे. सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीच्या पंचविसाव्या नोंदीत सागरी नौवहनाबरोबरच व्यापारी नौकादलासाठीचे शिक्षण व प्रशिक्षण, इतकेच नव्हे तर राज्ये व इतर संस्था देत असलेल्या अशा प्रशिक्षणाचे नियमनही, स्पष्ट शब्दांत नमूद आहे. शिक्षणाच्या एखाद्या शाखेचा असा नामनिर्देश करून ती केंद्राकडे ठेवण्याचा मान फार थोड्या विषयांना लाभला. घटनाकारांना एवढी काळजी का वाटली असावी, याचे उत्तर मुंबईच्या माझगाव बंदरासमोर एके काळी नांगरून पडलेल्या एका जुन्या जहाजात सापडते.

जानेवारी १९२२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी भारतीय व्यापारी नौकादलाच्या उभारणीसाठी समिती नेमावी, असा ठराव मांडला. तोवर जहाजावरील भारतीयांची जागा ठरलेली होती. खाली डेकवर आणि बॉयलरपाशी भारतीय, वर सुकाणूकक्षात गोरा अधिकारी. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील हजारो कोकणी माणसे ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर राबत. त्यांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, स्वयंपाक करणारा भंडारी. ही उतरंड आणि तिची संमिश्र भाषा इतकी पक्की होती की, साहेबाला ती समजावी म्हणून थॉमस रोबक याने १८११ मध्ये तिचा कोशच तयार केला. सारंगाचे शिक्षण बापाकडून किंवा गावच्या माणसाकडून होई. पुस्तक नव्हते, प्रमाणपत्र नव्हते, आणि म्हणूनच अधिकारपदही नव्हते.

अय्यरांच्या ठरावातून कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखालील समिती आली. तिने १९२४ मध्ये दोन मुख्य शिफारशी केल्या. एक, भारतीय मुलांना अधिकारी म्हणून घडविण्यासाठी मुंबईत प्रशिक्षण नौका ठेवावी. दोन, किनारी वाहतूक क्रमाक्रमाने भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी. सरकारने पहिली स्वीकारली आणि दुसरी टाळली. सैन्याची ने-आण करणारी 'डफरिन' ही जुनी बोट १९२७ च्या अखेरीस प्रशिक्षण नौका झाली. तिच्या पहिल्या तुकडीतील रामदास कटारी पुढे १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. परंतु व्यापारी जहाजावर जाऊ इच्छिणाऱ्या त्यांच्या सोबत्यांना डफरिनवरून उतरल्यावर पुढचा अनुभव घेण्यासाठी जहाज हवे होते, आणि ब्रिटिश कंपन्या भारतीय उमेदवारांना घेण्यास उत्सुक नव्हत्या. वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचा आधार नसता, तर डफरिन म्हणजे बंदरात नांगरलेली एक शोभेची शाळा ठरली असती. सरकारने शाळा दिली आणि जहाजे दिली नाहीत, हा त्या वेळच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांचा आक्षेप होता. किनारी वाहतुकीच्या आरक्षणासाठी साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये आणलेले विधेयक अखेर कायद्यापर्यंत पोहोचलेच नाही.

शंभर वर्षे होत आली. डफरिनच्या जागी १९७२ मध्ये 'राजेंद्र' आली. १९९३ मध्ये 'चाणक्य' ही किनाऱ्यावरील संस्था नवी मुंबईत उभी राहिली. पाण्यावर तरंगणारी शाळा जमिनीवर आली, ती तिथेच थांबली नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती घाट चढून वर गेली. तळेगावजवळच्या इंदुरीत, लोणावळ्याजवळच्या टाकवे खुर्दमध्ये, पुण्याबाहेर लोणी काळभोरला सागरी संस्था आहेत. टाकवे खुर्दच्या आवारात तर जहाजाच्या इंजिनकक्षाची प्रतिकृतीच बांधलेली आहे. प्रवेशासाठीची परीक्षा आता संगणकावर होते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळूरुत ती देणाऱ्या, लातूर किंवा विजापूरच्या मुलाने तोवर समुद्र पाहिलेला असेलच असे नाही. त्यात गैर काहीच नाही. कोकणातल्या माणसाला समुद्र आपोआप कळतो, ही समजूत कोकणातल्या माणसांनीही फार ताणू नये. मासेमारीचा मचवा आणि तीनशे मीटर लांबीची कंटेनरबोट यांत पाण्याखेरीज साम्य ते काय?

जमिनीवर शिकवता येते ते पुष्कळ. डेकवर किंवा इंजिनात काम करणाऱ्या सामान्य खलाशासाठी दहावीनंतरचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. बुडत्या जहाजावरून तराफ्यात उतरणे, आग विझविणे, प्रथमोपचार, स्वतःची व इतरांची सुरक्षितता, जहाजाची सुरक्षा ही मूलभूत प्रशिक्षणे प्रत्येकाला बंधनकारक. गाठी, दोर, रंगकाम, शिडी, क्रेन यांचा सराव त्यातच. अधिकारी होऊ पाहणाऱ्याला नौकानयन, खगोल, नकाशे, रडार, हवामान, मालाची रचना, कायदे. यातले बहुतेक घाटमाथ्यावर शिकता येते आणि उत्तम शिकवले जाते. डिसेंबर २००० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ज्या देशांचे प्रशिक्षण मान्य ठरविले, त्यांच्या पहिल्याच श्वेतयादीत भारत होता. २०२१ च्या जागतिक पाहणीनुसार जगातील सुमारे १८ लाख ९० हजार दर्यावर्दींचा पुरवठा करणाऱ्या पहिल्या पाच देशांत फिलिपाइन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन यांच्याबरोबर भारताचे नाव आहे.

जमिनीवर शिकवता येत नाही ती पहाऱ्याची पाळी. खलाशांच्या बोलीत वॉच.

चालत्या जहाजावर दिवसाचे चोवीस तास तीन पाळ्यांत वाटलेले असतात. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा. प्रत्येक पाळी दिवसातून दोनदा येते, म्हणजे चार तास काम आणि आठ तास सुटी. पारंपरिक वाटणीत चार ते आठ ही पाळी प्रथम अधिकाऱ्याकडे, आठ ते बारा सर्वांत कनिष्ठ असलेल्या तृतीय अधिकाऱ्याकडे आणि मध्यरात्रीची बारा ते चार द्वितीय अधिकाऱ्याकडे असते. कनिष्ठाला दिली जाणारी पाळी अशी निवडलेली असते की, कप्तान त्या वेळी जागा असतो आणि हाक मारता येते. रात्रीची पाळी घेणाऱ्याने काही मिनिटे आधी वर यायचे, कारण उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. जहाज वळण घेत असेल किंवा समोरच्या जहाजाला चुकवीत असेल, तर ती हालचाल पुरी होईतो पाळी सोपवायची नाही. आणि समोर आलेला सहकारी प्यायलेला किंवा आजारी दिसला, तर त्याच्या हाती जहाज न देता कप्तानाला उठवायचे, मग तो वयाने आणि हुद्द्याने मोठा का असेना. हा शेवटचा नियम वाचायला सोपा. बावीस वर्षांच्या मुलाने तो पाळणे किती कठीण, हे ज्याला भारतीय कार्यालयांतील वरिष्ठ-कनिष्ठ संबंध ठाऊक आहेत त्याला सांगायला नको.

टेहळणीचा मूळ नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातील पाचवा. प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध सर्व साधनांनी लक्ष ठेवले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. रडार आणि संगणक नंतर येतात, आधी डोळा आणि कान. सुकाणूवरील खलाशाने दिलेला हुकूम मोठ्याने पुन्हा उच्चारायचा, तो अमलात आला की पुन्हा सांगायचे. ही घोकंपट्टी वाटते, पण ऐकण्यातली एक चूक कित्येक टन पोलाद चुकीच्या दिशेला वळवू शकते. पहारेकऱ्याला झोप लागलीच तर ठराविक मिनिटांनी घंटा वाजविणारे यंत्र अलीकडच्या काळात सक्तीचे झाले, यावरून झोपेचा प्रश्न किती खरा आहे हे कळावे. विश्रांतीचेही नियम आहेत. चोवीस तासांत किमान दहा तास, आठवड्यात सत्त्याहत्तर. दहा तासांचे दोनच तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. कागदावर ते बहुतेक जहाजांवर पाळले जातात. बंदरामागून बंदर येत असताना विश्रांतीच्या नोंदवह्या कशा भरल्या जातात, याची कुजबुज मात्र प्रत्येक बंदरात ऐकू येते.

या शिस्तीला ढील पडल्यावर काय होते याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजे एकमेकांवर आदळली. कंटेनर समुद्रात पडले, शेकडो टन तेल सांडले आणि रायगडच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना त्याचा फटका सोसावा लागला. पुढच्याच जानेवारीत याच बंदरात 'नॉर्डलेक' या मालवाहू जहाजाची नौदलाच्या 'विंध्यगिरी'शी टक्कर झाली आणि युद्धनौका आगीनंतर बुडाली. परंतु प्रशिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मॉरिशसचे. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे जहाज तिथल्या प्रवाळावर चढले आणि सुमारे हजार टन तेल निळ्या खाडीत गेले. जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, किनाऱ्यापासून बावीस सागरी मैलांवरून जाण्याचा आराखडा आधी पाच मैलांवर आणण्यात आला, पुढे त्याहूनही जवळ, दोन मैलांपर्यंत. कारण काय, तर मोबाइलचा सिग्नल मिळावा. त्या किनाऱ्याचा तपशीलवार नकाशाही जहाजावर नव्हता. कप्तान भारतीय होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला आणि प्रथम अधिकाऱ्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

या घटनेकडे केवळ बेजबाबदारी म्हणून पाहणाऱ्यांनी तारखेकडेही पाहावे. तो महासाथीचा उन्हाळा होता. देशोदेशींची बंदरे बंद होती, करार संपूनही माणसे जहाजावरून उतरू शकत नव्हती. त्या वर्षअखेरीस असे चार लाख दर्यावर्दी समुद्रावर अडकल्याचा आंतरराष्ट्रीय संघटनेचा अंदाज होता. चीनच्या बंदरांबाहेर 'जग आनंद' आणि 'अनास्तासिया' या दोन जहाजांवर एकोणचाळीस भारतीय कित्येक महिने नांगर टाकून होते. पहिल्यावरचे तेवीसजण जून २०२० पासून, दुसऱ्यावरचे सोळाजण सप्टेंबरपासून. घरी आई आजारी आहे आणि फोन लागत नाही, हा प्रश्न कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. सहा-सहा, नऊ-नऊ महिने वीस-बावीस माणसांच्या पोलादी वस्तीत राहायचे, पाच भाषा बोलणाऱ्यांबरोबर एका टेबलावर जेवायचे, वरिष्ठाचा त्रास झाला तर दार उघडून बाहेर जाण्याची सोय नाही. जहाजावरील जीवनाचे शिक्षण म्हणतात ते हे. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संहितेने आता कुठे त्याची दखल घेतली. छळ, दादागिरी आणि लैंगिक अत्याचार रोखण्याचा पाठ १ जानेवारी २०२६ पासून मूलभूत प्रशिक्षणाचा भाग झाला.

दर्यावर्दींच्या पोटाचा आणि मानाचा प्रश्न राजकीय होऊ शकतो, हे मुंबईने ऐंशी वर्षांपूर्वी पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ चे नाविकांचे बंड कुलाब्याच्या 'तलवार' या प्रशिक्षण केंद्रात सुरू झाले. निमित्त निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या. ते नौदल होते, हे व्यापारी जहाज आहे. तिथे संप करायला सोबती होते, इथे वीसजणांचा जथा महासागरात एकटा असतो.

असो. मूळ अडचण पुन्हा डफरिनचीच आहे. आंतरराष्ट्रीय संहितेनुसार पहारा अधिकाऱ्याचे पहिले प्रमाणपत्र मिळवायचे तर मान्य प्रशिक्षणाचा भाग म्हणून किमान बारा महिने समुद्रावर काढावे लागतात. त्यातले निदान सहा महिने अनुभवी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पहाऱ्यावर, आणि सारे नोंदवहीत उतरलेले. अशा मान्य प्रशिक्षणाविना हाच काळ छत्तीस महिन्यांचा होतो. म्हणजे संस्थेतली वर्षे संपली की विद्यार्थी अर्धाच तयार झालेला असतो. उरलेला अर्धा तयार करण्यासाठी लागते जहाज, आणि त्या जहाजावर एक जादा खाट. ती खाट कंपनीच्या मर्जीवर. ज्यांच्या मागे आधीपासून एखादी कंपनी उभी आहे त्यांचे निभावते. ज्यांनी कर्ज काढून शुल्क भरले आणि कंपनी नाही, त्यांची पदविका घरात फ्रेममध्ये लटकते. भरती करणाऱ्याने दर्यावर्दीकडून पैसे घेऊ नयेत, असा नियम आहे. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, त्यानंतर तो आणखी कडक झाला. तरीही मुंबईत फोर्टपासून बेलापूरपर्यंत खाट मिळवून देणारे दलाल आहेत. लाखो रुपये घेऊन मुलांना अनोळखी झेंड्याच्या जीर्ण जहाजावर चढवायचे, मालक परागंदा झाला की ती मुले आखातात पगाराविना आणि पाण्याविना बसणार, आणि मग दूतावास, खासदार, दिल्लीला अर्ज. खासदारांच्या शून्य प्रहरात दर्यावर्दी येतो तो बहुधा या अवस्थेत.

खाट देण्याची सक्ती कोणी करू शकते का? केली होती. २००४ च्या वित्त विधेयकाने जहाज कंपन्यांसाठी टनेज कर आणला, नफ्याऐवजी जहाजाच्या आकारमानावर कर. सवलत मोठी होती. त्या बदल्यात १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ११५ व्हीयू आले. सवलत घेणाऱ्या कंपनीने ठराविक संख्येने प्रशिक्षणार्थी जहाजावर घ्यावेत आणि सलग पाच वर्षे हे केले नाही तर सवलत जाईल, असा त्याचा अर्थ. सागरी प्रशिक्षणाबाबत संसदेने केलेली बहुधा सर्वांत परिणामकारक गोष्ट ही, आणि ती शिक्षणाच्या नव्हे, कराच्या कायद्यात दडलेली आहे. दोष एवढाच की, ती लागू होते भारतीय कंपन्यांना, आणि भारतीय झेंड्याखालील जहाजे मोजकी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशाच्या परदेश व्यापारातील चाळीस टक्क्यांच्या आसपास माल भारतीय जहाजांतून जाई. आता तो वाटा एक अंकी आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय नौवहन महामंडळाकडे मुलांना हक्काने पाठविता येत असे. त्यातील सरकारी हिस्सा विकण्यास मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, तेव्हा निर्गुंतवणुकीच्या हिशेबात प्रशिक्षणाच्या खाटांचा रकाना कोणी मांडल्याचे दिसले नाही.

दरम्यान संसदेने विद्यापीठ दिले. २००८ च्या कायद्याने भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले. मुंबई, नवी मुंबई, कोलकाता, विशाखापट्टणम येथील जुन्या सरकारी संस्था त्यात विलीन झाल्या. मुख्यालय चेन्नईत गेले. डफरिनचे शहर आणि नौवहन महासंचालकांचे कार्यालय मुंबईत असताना चेन्नई का, या प्रश्नाला प्रशासकीय उत्तरे अनेक दिली गेली. तेव्हाचे नौवहनमंत्री टी. आर. बालू हे द्रमुकचे होते, ही वस्तुस्थितीही नोंदवून ठेवायला हरकत नाही. आघाडीच्या राजकारणात महाराष्ट्राचे खासदार साखर आणि कापूस यांबद्दल जितके दक्ष असतात, तितके समुद्राबद्दल नसतात.

नव्या कायद्यात सागरी शिक्षण आणि भरतीच्या नियमनाच्या तरतुदी आहेत. संस्थांची तपासणी, प्रमाणपत्रे, भरती करणाऱ्यांचे परवाने यांची चौकट त्यातून घट्ट करता येईल. पण चौकट म्हणजे जहाज नव्हे. २४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यातून बांधली जाणारी जहाजे भारतीय झेंड्याखाली राहिली आणि त्यांच्यावर प्रशिक्षणार्थींसाठी जागा राखणे सक्तीचे केले, तर शिवस्वामी अय्यरांच्या ठरावाचा अपुरा भाग शंभर वर्षांनी मार्गी लागू शकेल. अनुदान देताना ती अट घालणे अवघड नाही. कर सवलत देताना ती घातलीच होती. नव्या कायद्याखालचे नियम मंत्रालयात तयार होतील आणि संसदेच्या पटलावर ठेवले जातील. पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांची यादी दररोज बारा वाजता वाचली जाते, आणि त्या वेळी सभागृहात बहुधा काय चाललेले असते, ते टीव्हीवर साऱ्यांनाच दिसते.